निळ्या रंगाखालचे नाव

लातूरच्या आमच्या घरी माडीवर कित्येक वर्षे एक लोखंडी ट्रंक पडून होती. लांबी ३० इंच, रुंदी १८ इंच, दोन्ही बाजूंना उचलायला जाड सळईच्या कड्या, समोर कोयंडा, आणि सगळ्या अंगावर निळ्या ऑइलपेंटचा जाड थर. आत वाकळा, जुन्या पातळांच्या घड्या आणि लग्नकार्यात लागणारी भांडी असत. ती कोठून आली, असे लहानपणी विचारले की ठरलेले उत्तर मिळे. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, छावणीतील एका गोऱ्या अधिकाऱ्याची ती होती आणि आजोबांनी ती लिलावात घेतली, हे आम्ही सर्व भावंडांनी इतक्या वेळा ऐकले होते की त्यात तपासण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

ही ट्रंक मूळची औसा तालुक्यातील आमच्या गावच्या घरातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या घराचे माळवद खाली आले. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार अशी आमच्या भागातील घरे असत, आणि त्या रात्री त्यांनीच माणसे दाबली. आमच्या घरातली माणसे वाचली. आठ-दहा दिवसांनी ढिगारा उपसताना ही ट्रंक निघाली, आणि तिच्या डाव्या कोपऱ्याला वितभर लांब पोचा होता. त्या दिवसापासून तो पोचा भूकंपाची खूण म्हणूनच घरात ओळखला जाऊ लागला.

२०२४ च्या उन्हाळ्यात घराची डागडुजी निघाली आणि माडी रिकामी करायची ठरली. भंगारवाल्याने ट्रंकेचे चारशे रुपये सांगितले. ती खाली आणताना माझ्या मनात पहिल्यांदाच एक साधा हिशोब आला. अंबाजोगाई, हिंगोली, जालना, औरंगाबाद येथील हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या सैन्याच्या, छावण्या जुन्या खऱ्या, पण ते कंटिंजंट स्वतंत्र सैन्य म्हणून १९०३ मध्येच संपले आणि त्याच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील झाल्या. आजोबांचा जन्म त्यानंतरचा. ते मिळवते होऊन लिलावात बोली लावण्याच्या वयाचे होईपर्यंत ती छावणीची गोष्ट बरीच जुनी झालेली असणार. एवढ्यावरून घरची आठवण खोटी ठरत नाही, पण मला शंका आली, आणि भंगारवाल्याला मी परत पाठवले. बँकेतून निवृत्त होऊन मला तेव्हा वर्ष झाले होते, त्यामुळे हाताशी वेळ होता.

पहिला मोह रंग खरवडण्याचा झाला. तो मी केला नाही, याचे आज फार समाधान वाटते, कारण वरचा थर काढण्याच्या नादात खालचे थरही निघून गेले असते. त्याऐवजी रात्री खोलीतले दिवे मालवून टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून पाहता जो पत्रा सपाट निळा दिसत होता, त्यावर आडव्या उजेडात उंचवटे उमटले. झाकणाच्या मधोमध, रंगाच्या दोन थरांखाली, ब्रशाने लिहिलेल्या उर्दू अक्षरांच्या दोन ओळी होत्या. कोपऱ्याला जेथे रंगाचे पापुद्रे सुटले होते, तेथे थरांचा क्रम उघड दिसत होता. सर्वांत वर निळा, त्याखाली हिरवा आणि तळाशी काळा, आणि अक्षरे त्या काळ्यावर पिवळ्या रंगाने लिहिलेली होती. त्याच उजेडात आणखी एक गोष्ट दिसली, ती मी वहीत टिपून ठेवली. डाव्या कोपऱ्याच्या पोच्यात निळा रंग कोठेही तडकलेला नव्हता. पत्रा १९९३ मध्ये दबला असता तर घडीवर जुना रंग फुटला असता. येथे तो खोलगट भागातही अखंड पसरलेला होता, म्हणजे पोचा निळ्या रंगाच्या आधीचा होता. त्याचा अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

टॉर्च चारही बाजूंनी फिरवून काढलेली छायाचित्रे घेऊन मी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांकडे गेले. त्यांनी दोन शब्द लगेच वाचले, ‘मुदर्रिस’ आणि ‘औसा’. मुदर्रिस म्हणजे शिक्षक. हेच दोन शब्द चटकन का लागले, हेही त्यांनी समजावून सांगितले. उर्दूतील बरीच अक्षरे आकाराने सारखी असतात आणि वर किंवा खाली दिलेल्या नुक्त्यांवरून ओळखली जातात. नुक्त्याचा टिपका लहान आणि पातळ असल्याने दोन थरांखालून त्याचा उंचवटा उमटत नाही. ‘मुदर्रिस’ आणि ‘औसा’ या दोन्ही शब्दांत एकही नुक्ता नाही. नावात मात्र नुक्ते होते, आणि ते दिसत नसल्यामुळे त्या नावाचे दोन पर्याय होत होते. सरांनी दोन्ही कागदावर लिहून दिले आणि बजावले, “ताई, यातले एक मनाशी पक्के धरून शोधू नका, नाहीतर तेच सापडेल.” हा सल्ला मी पुढे प्रत्येक टप्प्यावर पाळला.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी १३४१ हा आकडा होता आणि त्यापुढे एक पुसट अक्षर. ते अक्षर कोणते, यावर सगळे अवलंबून होते. ते हिजरी सनाचे चिन्ह असेल तर वर्ष १९२२-२३ येते. ते फसलीचे, म्हणजे महसुली सनाचे, ‘फे’ असेल तर निजामी राज्यातील फसली सनात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३१-३२. मी प्रथम एका पुस्तकातील कोष्टक पाहून ५९३ मिळवले आणि १९३४ काढले. ते कोष्टक उत्तर हिंदुस्थानातील फसलीचे होते. दख्खनचा फसली सन वेगळा चालतो, आणि हैदराबाद संस्थानात त्याचे वर्ष ६ ऑक्टोबरला, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सुरू होई. मराठवाड्यातील जुने कागद हाताळणाऱ्याने हा फरक आधी पाठ करून ठेवावा, कारण दोन-तीन वर्षांच्या चुकीने माणूस भलत्याच दप्तरात शोधत बसतो.

कुलपाच्या जागी आता फक्त पितळी पट्टी उरली होती. चिंचेच्या कोळाने ती हलकेच पुसली तेव्हा तिच्यावर ‘मेड इन जर्मनी’ ही इंग्रजी अक्षरे दिसली. दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये पेटल्यावर जर्मन माल येथे येणे थांबले, आणि युद्धानंतर आला त्या मालावर पश्चिम जर्मनीचे नाव येऊ लागले. त्यामुळे ट्रंक १९३९ पूर्वीची असावी, असा अंदाज बांधता आला, पण १९२२ की १९३१ हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर आतल्या अस्तरात मिळाले. ट्रंकेच्या आत पिठाच्या खळीने वर्तमानपत्रे चिकटवलेली होती. वरचा थर औरंगाबादहून निघणाऱ्या ‘मराठवाडा’ दैनिकाचा होता, त्यात ढाक्यातील शरणागतीच्या बातम्या होत्या, म्हणजे डिसेंबर १९७१. धाकट्या काकांचे लग्न १९७२ च्या सुरुवातीचे. निळा रंग आणि हे अस्तर त्याच तयारीतले, हे घरातल्या मोठ्यांनीही सांगितले. त्याखाली उर्दू कागद होता आणि एका पानाच्या माथ्यावर ‘रहबर-ए-दक्कन’ हे नाव अर्धे शिल्लक होते. हैदराबादचे हे दैनिक १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ‘रहनुमा-ए-दक्कन’ या नावाने निघू लागले, तेव्हा ते पान त्याआधीचे ठरते. त्यातील एका जाहिरातीत किंमत दोनदा दिली होती, एकदा हाली रुपयांत आणि एकदा कलदारांत. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी राज्याचा कलदार यांचा भाव साधारण सातास सहा असे, आणि सरहद्दीजवळ राहणाऱ्याला दोन्ही हिशोब रोजच करावे लागत.

कसरीने खळ खाऊन झाकणाच्या आतल्या बाजूचा कागद एका कडेने सुटला होता. ओला बोळा लावण्याचा विचार मी सोडून दिला, कारण जुन्या शाईला पाणी लागले की अक्षर गेलेच. बांबूची पातळ कामटी आत सारून तो कागद कोरडाच, दुपारभरात चार बोटे एवढा, उचलला. त्यामागे तळहाताएवढी छापील पावती दुमडून ठेवलेली होती. अस्तर लावणाऱ्यानेच ती तेथे जपून ठेवली असावी, कारण तिच्यावर खळीचा डागही नव्हता. ती करोडगिरीची पावती होती.

करोडगिरी हा शब्द आज आमच्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे. ते निजामी राज्याचे जकात खाते होते. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या, आणि दोन्हींना जोडणारी बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. तिने येणारा माल म्हणजे परमुलखातून आलेला माल. त्यावर मूल्याच्या शेकडा ५ प्रमाणे करोडगिरी द्यावी लागे. पावतीवर सरांनी वाचले ते असे: ठिकाण लातूर, माल ‘आहनी संदूक’ म्हणजे लोखंडी पेटी, नग १, रक्कम ८ आणे, महिना दै म्हणजे आजूरनंतरचा, सन १३४१, आणि पुढे छापील अक्षरांत स्वच्छ ‘फसली’. आठ आणे हे शेकडा पाचाने दहा रुपयांवरचे होतात. म्हणजे १९३१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात औशाच्या एका शिक्षकाने दहा रुपयांची नवी ट्रंक बाहेरून आणली, लातूरच्या स्टेशनावर तिचे आठ आणे भरले, आणि तिच्यावर आपले नाव, पेशा, गाव आणि साल रंगवून घेतले. पावतीवरही नाव होते, पण मुन्शीच्या घाईच्या हाताने नुक्ते तेथेही गाळलेले होते.

छावणीच्या लिलावाची गोष्ट येथे संपली. मग ती ट्रंक आमच्याकडे आली कशी?

आजोबांचे औशाला कापडाचे दुकान होते. त्यांच्या रोजकीर्दीच्या सात वह्या भूकंपातून वाचल्या, पण त्या मोडीत असल्यामुळे वडिलांच्या पिढीनंतर कोणी उघडल्याच नव्हत्या. सप्टेंबर २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम मराठवाड्यात सुरू झाले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची जिल्ह्या-जिल्ह्यांत गरज लागली, आणि त्यामुळे कोण वाचू शकते हे आता विचारले की कळते. तसे एक तरुण मोडी वाचक मला भेटले. त्यांच्याबरोबर मी पाच रविवार बसले. १९३१ पासून पुढे ट्रंक, पेटी किंवा संदूक खरेदी केल्याचा एकही खर्च कोठे निघाला नाही. शके १८७० च्या वहीत वैशाखापासून भाद्रपदापर्यंतची पाने कोरी होती, आणि त्यापुढे आश्विन वद्य चतुर्थीच्या पानावर, जमा आणि नावे या दोन्ही बाजू सोडून, समासात एकच ओळ होती: “मास्तरसाहेब यांची पेटी १, कुलूपबंद, अमानत.”

मोडी वाचकांनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. आजोबांचा हात हिशोबाला पक्का होता. जे विकत घेतले ते नावे टाकायचे आणि जे आपले नाही ते समासात लिहायचे, ही त्यांची पद्धत इतर पानांवरूनही दिसत होती. शेजाऱ्याचे दागिने, भाच्याचे पैसे, सगळे समासात, आणि परत केल्यावर त्यावर आडवी रेघ. या ओळीवर रेघ नव्हती.

शके १८७० चा आश्विन वद्य म्हणजे १९४८ च्या ऑक्टोबरचा उत्तरार्ध. पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आले. कोऱ्या पानांचा अर्थ मला ८५ वर्षांच्या आत्याने सांगितला. रझाकारांच्या धास्तीने त्या उन्हाळ्यात आजोबा घर बंद करून सर्वांना बार्शीला घेऊन गेले होते, आणि दुकानाची किल्ली त्यांनी शेजारच्या मास्तरसाहेबांकडे ठेवली होती. “परत आलो तर ठाणाला ठाण जसेच्या तसे होते,” आत्या म्हणाली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती.

आम्ही परतलो आणि त्यांच्यावर जाण्याची पाळी आली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा आम्हांला अभिमान आहे आणि तो राहीलच. त्या लढ्यात आमच्या घरातील दोघे सरहद्दीवरच्या शिबिरात होते. पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुस्लीम कुटुंबांनाही सूडाची झळ लागली, आणि पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या जिल्ह्यांना ती सर्वाधिक लागल्याचे नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता. औसा आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हे वाचलेले मला आधीपासून होते. आपल्या माडीवरच्या ट्रंकेशी त्याचा संबंध लागेल, हे कधी वाटले नव्हते. आत्याला आठवते ते असे, की आजोबा १९६९ मध्ये गेले तोवर कुलूप कोणी उघडले नाही, आणि त्यानंतर काकांनी ते तोडले तेव्हा आत उर्दू पुस्तके, एक काळी शेरवानी आणि पितळेचा तोटीचा लोटा होता. पुस्तके गावच्या मशिदीत दिली. बाकीचे घरात जिरले. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण वगळता येत नाही.

नावाचा प्रश्न शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरने सोडवला. ते मिळवायला मात्र बरेच हेलपाटे पडले. एका कार्यालयात मला तीन वेळा सांगण्यात आले की इतके जुने काहीच नाही, आणि चौथ्या वेळी त्याच कार्यालयातील शिपायाने कपाटावरचे गाठोडे काढून दिले. रजिस्टर उर्दूत होते. शिक्षकाचा मुलगा त्याच शाळेत असण्याचा संभव होता म्हणून वडिलांच्या पेशाचा रकाना ओळीने तपासत गेलो, आणि एका मुलाच्या पुढे ‘मुदर्रिस’ सापडले. वडिलांचे नाव सर्व नुक्त्यांसह लिहिलेले होते. सरांनी दिलेल्या दोन पर्यायांपैकी दुसरा खरा ठरला, आणि मला मनातून पहिला वाटत होता. खारीज झाल्याची तारीख होती १५ आजूर १३५८ फसली. बोटांवर मोजले तर ती २० ऑक्टोबर १९४८ येते. मुलाचे नाव शाळेतून निघाले आणि एक-दोन दिवसांतच आमच्या वहीत ती समासातली ओळ लिहिली गेली. दोन लिपी, दोन सन, दोन वेगवेगळी दप्तरे, आणि दोन्ही एकाच आठवड्यावर येऊन थांबली, तेव्हा सर काही वेळ बोलले नाहीत.

त्यापुढचे काम मला वाटले होते त्याहून लवकर झाले. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जाण्याची मी तयारी केली होती, पण त्याची गरज पडली नाही. सरांनी औशातील दोन-तीन वृद्धांना ते नाव सांगितले, आणि एकाच्या सोयरिकीतून तीन आठवड्यांनी मास्तरसाहेबांच्या नातीचा हैदराबादचा फोन नंबर हाती आला. त्या स्वतःही शिक्षिका होत्या, आता निवृत्त. रजिस्टरातला तो मुलगा म्हणजे त्यांचे वडील.

मी ठरवले होते की आपण आधी काहीच वर्णन करायचे नाही. फक्त एवढे सांगितले की औशाच्या एका घरात त्यांच्या आजोबांची ट्रंक असावी, असे कागदांवरून वाटते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी दख्खनी वळणाच्या मराठीत विचारले, “डाव्या कोपऱ्याला दबलेली आहे का?” त्यांचे वडील सांगत असत, की ट्रंक नवी आणली त्याच दिवशी लातूर स्टेशनावर हमालाच्या डोक्यावरून ती पडली, आणि आजोबांनी हमालाला पूर्ण पैसे दिले म्हणून आजी महिनाभर बोलत होती. मी वही उघडली. पोच्यात रंग अखंड, निळ्याच्या आधीचा, असे माझ्याच अक्षरात तीन महिन्यांपूर्वी लिहिलेले होते. मी फोन धरूनच ट्रंकेपाशी गेले आणि ज्या ठिकाणी निळा पापुद्रा सुटला होता तेथे पाहिले. घडीच्या आतपर्यंत हिरवा रंग गेलेला होता आणि त्याखाली काळा तडकलेला.

जानेवारीत त्या आपल्या मुलाला घेऊन लातूरला आल्या. मी करोडगिरीची पावती, रजिस्टरातील पानाचे छायाचित्र आणि आजोबांच्या वहीतील त्या पानाची प्रत त्यांच्या हाती दिली. आत्याला खास औशाहून आणले होते. तिने त्यांना लोटा आणि शेरवानीचे सगळे सांगितले, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतले आणि आत्याचा हात बराच वेळ हातात ठेवला. मग त्यांच्या मुलाने दिवे मालवून टॉर्च आडवी धरली आणि त्यांनी नाव मोठ्याने वाचले.

ट्रंक गाडीत ठेवताना मी विचारले, की आतले ‘मराठवाडा’चे कागद आमच्या लग्नाच्या वेळचे आहेत, ते काढून देऊ का, म्हणजे खालचा उर्दू कागद मोकळा होईल. त्यांनी झाकण उचलून एकदा आत पाहिले आणि म्हणाल्या, “राहू द्या. तेही तिचेच आहेत.”